तुमचे प्रश्न : संशोधनात कोणाला मोजलं आणि कोण राहिलं?

गेल्या अंकात मी लिहिलं होतं की आजारांवरचं बरंचसं संशोधन मोठ्या हॉस्पिटलांमध्ये होतं, माणसं मात्र आजारी पडतात घरात नाहीतर कामावर, त्यामुळे फॅमिली डॉक्टर आणि वस्तीतले लोक यांनी मिळून संशोधन करायला हवं, नाहीतर ज्यांना उपचारांची जास्त गरज आहे तेच हिशोबातून गळतात. त्यावर बरीच पत्रं आली. काही चिडलेली, काही शंका काढणारी, एकदोन तर माझ्या लेखापेक्षा बरी. सगळी घेता येणार नाहीत म्हणून निवडक घेतलीयेत आणि नावं गाळलीयेत.

डॉक्टर, राग मानू नका, पण फॅमिली डॉक्टरने संशोधन करायचं म्हणजे नक्की काय करायचं? सर्दी-खोकला, पाठदुखी, बीपीच्या गोळ्या, यात शोधायचं काय शिल्लक आहे? संशोधन लॅबमध्ये होतं असं आम्ही तरी मुलांना शिकवलं. — निवृत्त विज्ञान शिक्षक

सर, राग कसला, माझ्या बॅचचे सर्जन झालेले मित्र पण हेच विचारतात आणि ते तर तुमच्याइतकं नम्रपणे पण नाही विचारत.

१९६१ मध्ये केर व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्रिटनमधल्या आकड्यांवरून एक साधा हिशोब मांडला होता. १००० प्रौढ माणसं घ्या आणि एक महिना बघा. त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखतंखुपतं, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण ॲडमिट होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं आणि युनिव्हर्सिटीच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पोचतो फक्त १. चाळीस वर्षांनी, २००१ मध्ये लॅरी ग्रीन आणि मंडळींनी हाच हिशोब लहान मुलं धरून परत केला, तेव्हा ८०० जणांना लक्षणं, २१७ डॉक्टरकडे, ८ ॲडमिट आणि मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमध्ये १ पेक्षाही कमी. मधल्या काळात वैद्यकशास्त्र कुठल्या कुठे गेलं पण हे चित्र जवळपास तसंच राहिलं. आणि आम्ही कॉलेजात शिकतो ते मुख्यतः त्या एकाकडे बघून. उरलेल्या ९९९ जणांची डोकेदुखी, चक्कर, थकवा कसा सुरू होतो, किती जणांचा आपोआप जातो, कोणाचा पुढे गंभीर होतो, हे हॉस्पिटलात बसून दिसणारच नाही. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं पण शित त्याच भातातलं हवं ना.

तुम्ही विज्ञानाचे म्हणून थोडं गणित. समजा एक टेस्ट आहे, आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडून देते. मोठ्या हॉस्पिटलात संशय घेऊनच पाठवलेले १००० पेशंट आहेत आणि त्यातल्या ३०० जणांना खरंच आजार आहे असं धरू. २७० बरोबर पकडले जातील आणि ७० उगाच. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या दहापैकी जवळपास आठ जणांना आजार आहे. छान. आता तीच टेस्ट माझ्या दवाखान्यात आणा जिथे १००० पैकी १० जणांनाच तो आजार आहे. ९ पकडले आणि ९९० निरोगी माणसांतले ९९ उगाच पॉझिटिव्ह. १०८ जणांची झोप उडवली, त्यात खरे ९. मशीन तेच, केमिकल तेच, रिपोर्टवरचे शब्द पण तेच, आणि अर्थ पार उलटा. मग दवाखान्यात काय करायचं हे दवाखान्यातच शोधायला लागतं, वरून येत नाही.

आणि जे दवाखान्यात पण येत नाहीत त्यांचं काय? १९८९ मध्ये राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतली पाहणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. तक्रार आहे की नाही हे न बघता गावातल्या बायकांना तपासायचं ठरवलं, ६५० जणी तपासल्या, ९२ टक्के जणींना एक ना एक स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तशी तपासणी कधी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हॉस्पिटलचं रजिस्टर उघडून बसलो असतो तर 'या भागात स्त्रीरोग फार नाहीत' असाच निष्कर्ष निघाला असता, आणि तो पण अगदी व्यवस्थित टेबल काढून.

एक जुनं उदाहरण खास तुमच्यासाठी. विल्यम पिकल्स हे इंग्लंडमधल्या वेन्स्लीडेल खोऱ्यातले साधे फॅमिली डॉक्टर, लॅब नाही काही नाही. कोण कोणाला कधी भेटलं हे त्यांना माहीत असायचं कारण सगळेच त्यांचे पेशंट. त्या नोंदींवरून त्यांनी साथीच्या काविळीत संसर्ग झाल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण महिनाभर जातो हे शोधलं, आणि १९३९ मध्ये त्यांचं साथींवरचं पुस्तक आलं. शहरात, जिथे कोण कोणाला भेटलं याचा पत्ताच लागत नाही, तिथे हे जमलं नसतं.

डॉक्टरताई, आमचे नवीन डॉक्टर खोकला सोडून घराचीच चौकशी करतात. भिंतीला ओल आहे का, घरात कितीजण, काम काय करायचात, जेवण दोन्ही वेळ होतं का. एवढ्या पंचायती कशाला? औषध द्यावं ना. वय ७१.

काका, चांगले डॉक्टर मिळालेत तुम्हाला, सोडू नका.

ओल असलेल्या घरात खोकला परत परत येणार हे तुम्हालाही माहितीये. पण हे विचारायची पद्धत कुठून आली ते सांगते. १९४० मध्ये सिडनी आणि एमिली कार्क हे डॉक्टर जोडपं दक्षिण आफ्रिकेत पोलेला नावाच्या अगदी गरीब भागात आरोग्य केंद्र चालवायला गेलं. त्यांनी पेशंट तपासले तसं घरोघरी जाऊन कोण राहतं, काय खातं, पाणी कुठून आणतं हे पण लिहून काढलं, आजार कुठे जास्त ते बघितलं आणि त्यावरून पुढच्या वर्षी काय करायचं ते ठरवलं. औषधांबरोबर भाजीचे वाफे, संडास, बाळांचं वजन. जॅक गायगर नावाचा एक अमेरिकन विद्यार्थी १९५७ मध्ये तिथे शिकून गेला, आणि पुढे साठच्या दशकात त्याने मिसिसिपीमधल्या माउंड बायू इथे आरोग्य केंद्र काढलं. तिथली मुलं उपाशी होती तर तो प्रिस्क्रिप्शनवर अन्न लिहून द्यायचा आणि खर्च औषधांच्या खात्यावर टाकायचा. वरून विचारणा झाल्यावर त्याने काय सांगितलं असेल, तर कुपोषणावरचं औषध पुस्तकात अन्न हेच दिलंय.

एक मात्र तुमचं बरोबर आहे. नुसतं विचारायचं आणि पुढे काहीच करायचं नाही, हे वाईट. ओल आहे असं लिहून घेतलं तर त्यावर पत्र, तक्रार, मदत करणाऱ्या कोणाशी तरी गाठ, काहीतरी घडायला हवं. पुढच्या वेळी विचारा त्यांना, माझ्या उत्तरांचं तुम्ही काय करता म्हणून. हक्काने विचारा.

ताई, आमच्या वस्तीत दर थोड्या दिवसांनी कोणीतरी सर्व्हेला येतं. कधी डायबिटीस, कधी बाळंतपण, कधी मन कसं आहे. आम्ही काम टाकून तास-तास उत्तरं देतो, एकदा तर रक्तपण दिलं. नंतर कोणी फिरकत नाही. रिपोर्टही नाही. आता बायका म्हणतात दार उघडायचं नाही. चुकतंय का आमचं?

नाही ताई, काही चुकत नाहीये. उलट या सगळ्या पत्रांमध्ये मला तुमचंच पत्र सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

लोकांचा विश्वास असाच हवेत उडालेला नाहीये. अमेरिकेत टस्कीगी इथे १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या ३९९ गरीब काळ्या पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत बसले, तुलनेसाठी आजार नसलेले २०१ जण वेगळे. पेनिसिलिन हा पक्का इलाज १९४७ च्या सुमारास हातात आला होता, तरी दिला नाही. आणि हे सरकारी आरोग्य खात्याचं काम होतं, कोणा माथेफिरूचं नाही. त्याच देशात हवासुपाई नावाच्या आदिवासी लोकांनी १९९० च्या आसपास डायबिटीसच्या अभ्यासासाठी रक्त दिलं, कारण त्यांच्यात डायबिटीस खूप. ते रक्त पुढे स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारावर आणि हे लोक मुळात कुठून आले यावर पण वापरलं गेलं, त्यांना न सांगता. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २०१० मध्ये तडजोड होऊन उरलेले नमुने परत दिले गेले.

याच्या उलट पण घडतं. अमेरिकेतल्याच फ्लिंट नावाच्या शहरात एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा सोर्स बदलला. पाणी खराब आहे असं आधी बोलल्या तिथल्या आया, अधिकारी म्हणत राहिले सगळं ठीक आहे. मग मोना हॅना-अतिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी, पाण्यातून शिसं मुलांच्या शरीरात जातंय का हे बघायला, दवाखान्यात रुटीनमध्ये होणाऱ्या मुलांच्या रक्ततपासण्या काढल्या, आधीच्या आणि नंतरच्या, पत्त्यांप्रमाणे लावल्या. रक्तात शिसं जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेलं होतं, म्हणजे दुप्पट. नवीन सर्व्हे नाही, नवीन सुई नाही, होता तोच डेटा, फक्त प्रश्न वस्तीतल्या बायकांचा होता. २०१५ च्या शरद ऋतूत पाण्याचा सोर्स परत बदलला. मला वाटतं संशोधन खरं कोणाचं हे इथे कळतं, प्रश्न कोणी विचारला त्यावरून.

आता दार उघडायचं की नाही. उघडा, पण आधी तुम्ही प्रश्न विचारा. हा अभ्यास कोणी ठरवला, आमच्यातल्या कोणाला विचारलं होतं का? एथिक्स कमिटीची, म्हणजे संशोधनात लोकांचं नुकसान होत नाही ना हे बघणाऱ्या समितीची, परवानगी आहे का, कागद दाखवा. रक्त घेणार तर रिपोर्ट कधी आणि कोण देणार, आणि काही निघालं तर उपचार कुठे? उरलेलं रक्त ठेवणार का आणि दुसऱ्या कशाला वापरणार का, वापरणार असाल तर परत विचारणार का? निष्कर्ष आम्हाला आमच्या भाषेत, इथे येऊन सांगणार का, तारीख द्या. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येईल ना? आणि ज्या तासाला आमचं काम बुडतं त्याची भरपाई? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका, सर्व्हे करणाऱ्यांना पगार मिळत असतो.

एकेकटीने नका विचारू, चार-पाच जणी मिळून एक छोटी कमिटी करा आणि जो येईल त्याला आधी कमिटीपुढे बसवा. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढलीये, आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि ठरलेली प्रक्रिया पाळणं, अशी त्यातली तत्त्वं आहेत. कॅनडातल्या मूळ रहिवाशांनी तर १९९८ पासूनच धरून ठेवलंय की आमचा डेटा आमच्या मालकीचा, ताबा आमचा. जो संशोधक या प्रश्नांनी वैतागेल त्याला चहा न देता परत पाठवा.

मॅडम, तुमच्या लेखात सारखं गट, वंचित, विषमता. मेडिसिन सगळ्यांना सारखं असतं. शरीर सगळ्यांचं एकच. हे राजकारण दवाखान्यात कशाला आणता? एक गोळी एका माणसावर चालते तशी दुसऱ्यावर चालते.

गोळीचं जाऊ द्या, आधी बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटर घ्या, कोविडमध्ये घरोघरी होता. डिसेंबर २०२० मध्ये मायकेल जोडिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मशीन ९२ ते ९६ दाखवत असताना प्रत्यक्ष रक्तात ऑक्सिजन ८८ च्या खाली आहे, असं गोऱ्या पेशंटमध्ये ३.६ टक्के वेळा व्हायचं आणि काळ्या पेशंटमध्ये ११.७ टक्के वेळा. जवळपास तिप्पट. मशीनला राजकारण कळत नाही. ते त्वचेतून जाणारा प्रकाश मोजतं आणि बनवताना गडद त्वचेवर पुरेसं तपासलं नव्हतं, बस. पण ज्याचा ऑक्सिजन ८५ आहे आणि मशीन ९३ म्हणतंय तो घरी पाठवला जातो. गट वेगळे करून बघितलेच नसते तर सरासरी एकदम मस्त दिसली असती.

उलटी चूकही असते आणि तिथे तुमचं म्हणणं मला अर्धं पटतं. अमेरिकेत किडनीच्या कामाचा अंदाज काढायच्या फॉर्म्युल्यात काळ्या माणसांसाठी वेगळा गुणक होता, त्याने कागदावर त्यांची किडनी प्रत्यक्षात असते त्यापेक्षा चांगली दिसायची आणि स्पेशालिस्टकडे पाठवणं, ट्रान्सप्लांटच्या यादीत नाव लागणं लांबायचं. २०२१ मध्ये तो गुणक नसलेला फॉर्म्युला आला. म्हणजे गट बघायचे ते कोणाला कमी मिळतंय हे शोधायला, रक्ताची जात ठरवायला नाही. हा फरक सांभाळला नाही तर तुमचा आक्षेप बरोबरच आहे.

आणि 'सगळ्यांना सारखं' दिलं तरी सगळ्यांपर्यंत सारखं पोचत नाही. सेझार व्हिक्टोरा यांनी २००० मध्ये ब्राझीलमधल्या आकड्यांवरून मांडलं होतं की नवीन आरोग्य कार्यक्रम आला की आधी त्याचा फायदा बऱ्या परिस्थितीतले लोक घेतात, त्यामुळे सुरुवातीला दरी वाढते, आणि वरच्या लोकांचं आणखी सुधारण्यासारखं काही उरलं नाही की मग खालचे हळूहळू जवळ येतात. ज्यांच्याकडे वेळ आहे, गाडी आहे, फॉर्म वाचता येतो, साहेबांकडून दोन तासांची सुट्टी मिळते, ते रांगेत पहिले. मग वर्षाच्या शेवटी अहवाल येतो, 'लसीकरण १० टक्क्यांनी वाढलं', टाळ्या. कोणाचं वाढलं ते विचारा.

शरीर एकच हे मान्य. त्या शरीराला रात्रपाळी आहे का, उन्हात काम आहे का, डॉक्टरची भाषा कळते का, हे एक नाहीये.

आमच्या हॉस्पिटलमध्ये आता कोणत्या पेशंटकडे जास्त लक्ष द्यायचं ते कॉम्प्युटर ठरवणार म्हणे. माणसापेक्षा ते निःपक्षपाती असेल ना? — एक परिचारिका

सिस्टर, ते कशावर शिकलंय त्यावर आहे. २०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं असंच एक सॉफ्टवेअर तपासलं. कोण जास्त आजारी हे ओळखायला त्यात पेशंटवर किती खर्च होईल हा आकडा धरला होता. आता ज्यांना आधीपासूनच कमी सेवा मिळते त्यांच्यावर खर्चही कमीच होतो, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नजरेत ते तब्येतीने बरे. त्यामुळे जादा मदतीसाठी निवडलेल्यांत काळे पेशंट १७.७ टक्के होते, खर्चाची भानगड दुरुस्त केल्यावर ते ४६.५ टक्के व्हायला हवे होते असं निघालं. तुमच्याकडे आणताना एवढंच विचारा की हे नक्की काय मोजतंय आणि आपल्या पेशंटवर कोणी तपासून बघितलंय का. आणि तुम्हाला डोळ्यांना पेशंट बरा दिसत नसेल तर स्क्रीनचं ऐकू नका.

मॅडम, मी फॅमिली मेडिसिनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. थीसिसला बीपी कंट्रोल घेतलंय. गाइड म्हणतात ओपीडीत येणारे २०० पेशंट घे आणि संपव. मला विषमतेवर काहीतरी करायचंय पण वेळ कमी, पैसे नाहीत. कसं करू?

गाइडशी भांडू नकोस, थीसिस वेळेत व्हायला पाहिजे. पण विषय थोडा वळव.

ओपीडीत येणारे २०० म्हणजे जे येतात तेच. बीपीमध्ये जुना अर्ध्याचा नियम तू वाचला असशील, ज्यांना बीपी आहे त्यातल्या अर्ध्यांनाच माहिती असतं, त्यातले अर्धे उपचार घेतात, त्यातल्या अर्ध्यांचं कंट्रोलमध्ये असतं. आकडे आता जागोजागी वेगळे आहेत पण गळती कुठे होते हे बघायची ती पद्धत अजून कामाची आहे. तुझ्या ओपीडीत फक्त तिसरी पायरी दिसते, वरच्या दोन गळत्या बाहेरच होऊन जातात, आणि विषमता बहुतेक तिथेच असते.

ज्युलियन ट्यूडर हार्ट नाव ऐकलंयस का? वेल्समधल्या ग्लिनकॉरग या खाणकामगारांच्या गावात फॅमिली डॉक्टर. १९७१ मध्ये त्यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की चांगली वैद्यकीय सेवा जिथे जास्त गरज आहे तिथेच कमी मिळते, आणि बाजाराच्या हवाली केली की हे आणखी वाढतं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच माणसाने आपल्या यादीतल्या जवळपास प्रत्येक प्रौढाचं बीपी मोजलं, न येणाऱ्यांच्या मागे लागून. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या कामाचा हिशोब १९९१ मध्ये छापला आणि शेजारच्या गावाच्या मानाने अकाली मृत्यू कमी दिसले. एका गावाची तुलना एका गावाशी, पुरावा म्हणून कच्चा आहे, त्यांनाही ते माहीत होतं. तरी त्यांच्याकडे एक गोष्ट होती जी तुझ्या गाइडकडे नाहीये, यादी. कोण आलं नाही हे सांगता यायला आधी कोण यायला हवं होतं याची यादी लागते.

म्हणून तू एवढं कर. तुमच्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये गेल्या दोन वर्षांत बीपी म्हणून नोंद झालेले सगळे घे, आणि जे यायचे थांबले त्यांना शोध. दोनशेऐवजी ऐंशी मिळाले तरी चालतील पण हे ऐंशी सोन्याचे. का थांबले ते पंधरा-वीस जणांना नीट बसून विचार, उत्तराचे पर्याय न देता. मग आकडे काम, शिक्षण, अंतर, बाई-पुरुष असे वेगळे करून बघ, पण कुठले गट बघणार ते आधीच लिहून ठेव, नाहीतर वीस गट पाडले की एखाद्यात नुसत्या योगायोगाने फरक निघतोच. आणि कोरे रकाने फेकून देऊ नकोस बाई, ज्यांचं बीपी नोंदलेलंच नाही ते बहुतेक वेळा तेच लोक असतात जे तू शोधतेयस.

पुढे कधी मोठं करायचं झालं तर दोन अभ्यास वाचून ठेव. लॉस एंजेलिसमध्ये रोनाल्ड व्हिक्टर यांनी ५२ केशकर्तनालयांत ३१९ काळ्या पुरुषांवर ट्रायल केली, २०१८ मध्ये छापली. एका बाजूला फार्मासिस्टच दुकानात जाऊन औषधं सुरू करायचे, दुसऱ्या बाजूला न्हावी फक्त समजावून डॉक्टरकडे जायला सांगायचा. सहा महिन्यांत वरचं बीपी पहिल्या गटात २७ ने उतरलं, दुसऱ्यात ९.३ ने. बघ, दोन्हीकडे जागा तीच, विश्वासाचा माणूस तोच, फरक पडला उपचारच दारात नेल्याने. नुसता सल्ला देऊन भागत नाही हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुसरा ताझीन जाफर यांचा, २०२० चा, बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या खेड्यांतला. ३० क्लस्टर (म्हणजे सुटी माणसं न घेता अख्ख्या वस्त्याच गटांत वाटायच्या), २६४५ माणसं, आरोग्य कार्यकर्त्या घरी जाऊन बीपी मोजायच्या, समजवायच्या, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायच्या, डॉक्टरांनाही ट्रेनिंग. दोन वर्षांनी नेहमीच्या सेवेपेक्षा वरचं बीपी ५.२ ने जास्त उतरलं. ऐकायला कमी वाटतं, पण अख्ख्या लोकसंख्येत एवढा फरक पडला तर पक्षाघात बरेच कमी होतात.

क्लस्टर कर म्हटलं की सगळे उड्या मारतात, त्यात एक खड्डा आहे. एकाच वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात त्यामुळे प्रत्येक नवीन माणूस पूर्ण नवीन माहिती देत नाही. प्रत्येक वस्तीतून २० जण घेतले आणि सारखेपणाचा आकडा ०.०५ धरला तर १ अधिक १९ गुणिले ०.०५, म्हणजे १.९५, सॅम्पल जवळपास दुप्पट लागतं. वस्त्या वाढव, एकेका वस्तीतली माणसं नको. आणि हे प्रपोजलच्या आधी, नंतर रडून उपयोग नाही.

सारखा डॉक्टर बदलला तर काय बिघडतं हो? रिपोर्ट तर मोबाईलमध्येच असतात.

रिपोर्ट असतात, पण तुम्ही कशावर गप्प बसता ते त्यात नसतं.

नॉर्वेत प्रत्येकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो, त्यामुळे तिथे हे मोजता येतं. तिथल्या लाखो लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०२२ मध्ये आला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त असलेल्यांमध्ये, एकच वर्ष असलेल्यांच्या मानाने, मृत्यूचं प्रमाण साधारण २५ टक्क्यांनी कमी होतं, इमर्जन्सी ॲडमिशन पण जवळपास तेवढंच किंवा थोडं जास्त कमी. त्याआधी २०१८ मध्ये डेनिस परेरा ग्रे यांच्या टीमने वेगवेगळ्या देशांतले २२ अभ्यास एकत्र बघितले, त्यातल्या १८ मध्ये डॉक्टर टिकला तर मृत्यू कमी असंच दिसलं. यावरून डॉक्टर टिकल्यानेच माणूस जगतो असं छातीठोक सांगता येत नाही, कारण ज्यांचं आयुष्य स्थिर त्यांचाच डॉक्टर टिकतो, घर बदलणारे, नोकरी सुटलेले, आजाराने मुलाकडे राहायला गेलेले यांचा सुटतो. अभ्यासात हे फरक शक्य तेवढे धरलेत, सगळे धरता येत नाहीत.

तुम्हाला डॉक्टर बदलायचाच असेल आणि त्यांचं काही पटत नसेल तर बदला, चिकटून राहायची सक्ती नाहीये. जाताना मात्र जुन्या डॉक्टरकडून एक पानभर लिहून घ्या, काय काय झालं, कोणती औषधं सोसली नाहीत, कशाची वाट बघत होतो. आणि घर बदलल्यामुळे डॉक्टर सुटला असेल तर नवीन ठिकाणी आजारी पडायच्या आधीच एकदा जाऊन नाव नोंदवून या.